नारू गेला तो पाण्याच्या वाटेने: धाराशिवचा दुष्काळ, आरोग्य आणि सीमेपलीकडची माणसं

(व्याख्यानाचं शब्दांकन)



हवामानबदल आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय निघाला, की बोलणं लगेच भविष्याकडे जातं. तापमान किती वाढेल, पाऊस कसा पडेल, कुठले आजार येतील. ते बोलायलाच हवं. पण आज मला मागे जायचं आहे. कारण ज्या धाराशिव जिल्ह्याबद्दल आपण बोलतो आहोत, तो लहरी पावसाशी काल-परवा झगडायला लागलेला नाही. पाऊस, पाणी आणि आजार यांचं नातं इथल्या माणसाने शेकडो वर्षं अंगावर काढलेलं आहे. आणि त्यातला एक आजार आपण पूर्ण हरवलेला आहे. लस नसताना, औषध नसताना. तो आजार म्हणजे नारू.

तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाही. तिशीच्या आतल्यांनी बहुधा ऐकलेलाही नसेल. हेच त्या कामाचं यश आहे, आणि मला वाटतं अडचणही तीच आहे. तो कसा गेला हे आपण विसरलो, आणि त्या कामातून जे शिकलो होतो तेही विसरलो.

आधी जमीन समजून घेऊ. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर बसलेला आहे. या रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा, मांजरा करत गोदावरीला जातो. दुसऱ्या अंगाला पडलेला सीना, बोरी करत भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. म्हणजे एकाच जिल्ह्याचं पाणी दोन खोऱ्यांत वाटलं गेलंय. मांजरा पुढे कर्नाटकात बीदरकडे आणि तिथून तेलंगणात जाते. सीना वरून येते अहिल्यानगर जिल्ह्यातून, आणि खाली जाते सोलापुरात. जिल्ह्याची हद्द कागदावर आहे, पाण्याला ती माहीत नाही.

राज्यकारभाराच्या हद्दीही इथे सतत हलत राहिल्या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. कर्नल मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गला कारभार बघत होता. १८६० मध्ये हा भाग परत निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं आणि शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून उस्मानाबाद हे नाव पडलं. १९४८ पर्यंत हे असंच होतं. तुळजापूर निजामाचं, सोलापूर इंग्रजांचं. बार्शी इंग्रजांची, आणि बार्शीहून थोडं पुढे गेलं की निजामाची हद्द.

आता आरोग्याच्या नजरेने याचा अर्थ काय होतो बघा. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सोलापूरकडची माणसं गुरंढोरं घेऊन निजामाच्या मुलखात शिरली. दुष्काळात माणूस पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मागे जातो, आणि माणसाच्या मागे पटकी जाते. पटकी म्हणजे कॉलरा. आषाढीला पंढरपूर आणि नवरात्रात तुळजापूर, अशा यात्रांमधून माणसं या सीमा ओलांडत होती. पण दोन्हीकडची आरोग्यखाती वेगळी, नोंदी वेगळ्या, बंदोबस्त वेगळा. एका बाजूचा अधिकारी फार तर नाक्यावर माणसं अडवू शकत होता. ती जिथून आली तिथल्या विहिरीला तो हात लावू शकत नव्हता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ते दशक दुष्काळाचं होतं, आणि शेवटी शेवटी प्लेगचंही.

या पार्श्वभूमीवर नारूकडे या.

नारू हा एक जंत. सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक, ठिपक्याएवढा जीव साचलेल्या पाण्यात असतो. नारूची पिल्लं त्याच्या पोटात असतात. ते पाणी न गाळता प्यायलं, की सायक्लॉप्स पोटात मरतो आणि पिल्लं सुटतात. पुढे वर्षभर काही कळत नाही. आत मादी वाढत असते, दोन-अडीच फुटांपर्यंत. वर्षाने ती बहुतेक वेळा पायाच्या कातडीखाली येते, तिथे फोड येतो, आग आग होते. माणूस काय करतो? पाय पाण्यात घालतो. तेवढ्यात मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. तीच पिल्लं सायक्लॉप्स गिळतो. चक्र पूर्ण.

रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को याने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात सायक्लॉप्सचा हा दुवा शोधला. पण उपाय मात्र हजारो वर्षं होता तोच राहिला. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. मध्ये तुटला, तर पाय सुजतो, पू होतो, महिनोन् महिने माणूस आडवा.

यात ऋतूचा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे पायऱ्या उतरून पाणी भरायच्या विहिरी होत्या. पायविहिरी, बारवा. पावसाळ्यात त्या भरलेल्या. उन्हाळ्यात पाणी खाली जाणार, थोडं उरणार, त्यात सायक्लॉप्स दाटणार. आणि पाणी तळाला गेलं म्हणून माणूसही शेवटच्या पायरीपर्यंत उतरणार, पाय बुडवून घागर भरणार. म्हणजे एका उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर यायचं. तेव्हा वेळ कुठली? नांगरणी, वखरणी, पेरणीची तयारी. घरातली कमावती माणसं नेमकी त्याच दिवसांत खाटेवर. हा खऱ्या अर्थाने हवामानाचा आजार होता. आणि त्याची झळ कुणाला? ज्याच्या वाड्यात स्वतःचा आड होता त्याला कमी. ज्याला गावाच्या बारवेवर जावं लागे त्याला जास्त. आणि ज्याला बारवेवरही येऊ देत नव्हते, त्याने कुठलं पाणी प्यायचं हा वेगळाच प्रश्न.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तो आपल्याला मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं यांच्यासाठी आठवतो. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. पण त्या दुष्काळाने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. पिण्याचं पाणी जमिनीच्या पोटातून, काळा पाषाण फोडून वर काढायचं, हे सरकारी धोरण झालं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मधलीच. हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं आली, त्यात युनिसेफचा मोठा हात होता. वर पंप, खाली बंद पाइप. त्या पाण्यात कुणी पाय घालू शकत नव्हतं, आणि त्यात सायक्लॉप्सही नव्हता. नारूसाठी कुणी बोअर घेतले नव्हते. घेतले तहानेसाठी. पण नारूचं चक्र तुटायला तिथून सुरुवात झाली.

फक्त एक घोळ होता. पंप टिकत नव्हते. ते बिडाचे, एका घराला पुरतील असे विलायती नमुन्याचे. गावात एका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग. तो कसा टिकणार? सत्तरच्या दशकात युनिसेफने तपासणी केली, तेव्हा चारातले तीन पंप बंद सापडले.

याचं उत्तर कुठून आलं? जालन्यातून आणि सोलापुरातून. जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी दुष्काळी गावांत बोअर घ्यायला सुरुवात केली होती. पंप मोडतो हे त्यांनी रोज पाहिलं, आणि पोलादाचा नवा पंप तयार केला. तो जालना पंप. सोलापुरात त्याच्यावर आणखी काम झालं, दांड्याला साखळी आली, सांधे मजबूत झाले. तो सोलापूर पंप. पुढे तोच नमुना घेऊन युनिसेफ, सरकारी तज्ज्ञ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क टू हा पंप केला. तुमच्या गावच्या शाळेसमोर जो हापसा आहे ना, लांब दांड्याचा, तो हाच. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून तो देशभर आणि पुढे आफ्रिकेतही गेला.

इथे मला थोडं थांबायचं आहे. प्रादेशिक सहकार्य म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे परिषदा, ठराव, सह्या येतात. पण ही गोष्ट बघा. मराठवाड्यातला मिशनचा एक कारखाना, सोलापुरातली एक कार्यशाळा, मद्रासची कंपनी, संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि भारत सरकार. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. आपल्या हद्दीत बसून कुणालाच तो पंप करता आला नसता.

पण पंप आला म्हणजे पाणी सगळ्यांना मिळालं असं नाही. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ याच दुष्काळाच्या सुमारास उभी केली. दुष्काळातही दलितांना सार्वजनिक विहिरीवर येऊ न देणारी गावं होती, म्हणून. आणि आपल्या भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं होतं. त्यांनी बोअर आणि पंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले. पाणी पाहिजे तर सगळ्या गावाने तिथे यायचं. आरोळे डॉक्टर होते, पण गावात शिरल्यावर त्यांना कळलं की लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नाही, पाण्याची आणि पोटाची आहे. मग गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हाच धागा पुढे आपल्याकडे अणदूरला दिसतो. तिथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवलं. पावसाची आणि आजाराची नाडी जिला कळते, ती गावातच राहणारी बाई असते, हे या दोन्ही कामांनी दाखवून दिलं.

आता सरकारी मोहिमेकडे येऊ. १९८१ ते ९० हे संयुक्त राष्ट्रांचं पेयजल दशक होतं. नारू निर्मूलन हे त्याचं एक उद्दिष्ट ठरलं. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हा ७ राज्यांत जवळपास १३ हजार गावं बाधित होती आणि वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते. त्या सातांत महाराष्ट्र होता, आणि आपले शेजारी कर्नाटक आणि आंध्रही होते. मार्गदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचं.

काम काय होतं? ऐकायला अगदी साधं. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा. त्याच्या पायाला पट्टी बांधायची, त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवायचं. पायविहिरीत टेमेफॉस टाकायचं, म्हणजे सायक्लॉप्स मरतो. आणि पायऱ्या बंद करून त्या विहिरीचा रहाटाचा आड करायचा, किंवा गावाला हापसा द्यायचा. पुढे रुग्ण थोडे राहिले, तेव्हा कळवणाऱ्याला बक्षीसही ठेवलं.

यातली खरी अवघड गोष्ट वैद्यकीय नव्हती. विहीर पाणीपुरवठा खात्याची, रुग्ण आरोग्य खात्याचा. एरवी या दोन खात्यांची टेबलं वेगळी. या मोहिमेत आरोग्य कर्मचाऱ्याने दाखवलेल्या गावात आधी पाणी द्यायचं, असं ठरलं. म्हणजे रुग्णांच्या यादीवरून हापशाची जागा ठरू लागली. दुसरं असं, की मजूर कर्नाटकातून इकडे आला आणि इथे त्याच्या पायातून नारू निघाला, तर त्याने ते पाणी वर्षापूर्वी कुठे प्यायलं होतं हे शोधावं लागे. ती खबर तिकडच्या जिल्ह्याला द्यावीच लागे. वर्षाचा उशीर असलेला आजार एका जिल्ह्याच्या रजिस्टरमध्ये मावतच नाही.

भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर सलग तीन वर्षं शोध चालू ठेवला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. तिकडे सुदानमध्ये तर १९९५ साली यादवी युद्ध चालू असताना, जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने काही महिने बंदुका थांबल्या, नारूच्या कामासाठी. लढणारी माणसं थांबू शकतात, तर दोन शेजारी जिल्हे एकमेकांना आकडे देऊ शकत नाहीत का, हा प्रश्न मी पुढे विचारणार आहे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण सत्काराचं होईल.

बोअरने नारू घालवला. पण बोअर पिण्याच्या पाण्यापुरता राहिला नाही. शेतात गेला, उसाला गेला. एक आटला की दुसरा, आणखी खोल. गाव नारूतून सुटलं आणि टँकरवर आलं. १९७२ साली धान्य नव्हतं, पण आडात थोडं तरी पाणी होतं, आणि २०१२-१३ मध्ये दुकानात धान्य होतं पण पाणी नव्हतं, असं जुनी माणसं म्हणतात ते खरं आहे. धाराशिव शहराला उजनीचं पाणी आणावं लागलं, म्हणजे भीमा खोऱ्यातलं, सोलापूर जिल्ह्यातलं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

पाणी आठ-पंधरा दिवसांनी येणार, म्हणजे घरोघर ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवणार. त्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया त्याचेच. म्हणजे डेंग्यू फक्त पावसाळ्याचा नाही, टंचाईचाही आजार आहे. आशाताई घरी येऊन कंटेनर तपासतात, कर्मचारी अ‍ॅबेट टाकतात. अ‍ॅबेट म्हणजे काय? तेच टेमेफॉस. जे एकेकाळी बारवेत नारूसाठी टाकत होतो, ते आज ड्रममध्ये टाकतो आहोत. आजार बदलला, मुळाशी असलेला पाण्याचा प्रश्न तोच आहे.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. ज्या परंडा-भूम भागाची ओळख टँकरची, तिथे पुरात अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सीनेचा पूर अहिल्यानगरकडून आला, धाराशिवच्या कडेने गेला आणि सोलापुरात करमाळा, माढा, मोहोळकडे घुसला. विहिरी गाळाने भरल्या, हापशांभोवती घाण पाणी साचलं. जुलाब, काविळी, सर्पदंश, त्वचेचे आजार या पुरामागून येणाऱ्या गोष्टी तिन्ही जिल्ह्यांत सारख्याच. पण साथरोगाची नोंद, औषधांचा साठा, पाण्याचे नमुने हे सगळं जिल्हावार.

२०१९ पासून केंद्राचा हवामानबदल आणि मानवी आरोग्य असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे. म्हणजे गंमत बघा, नारूचं काम करणारी जी दिल्लीची संस्था होती, तिचंच २००९ पासूनचं हे नाव. त्या कार्यक्रमात जिल्ह्याजिल्ह्याचा कृती आराखडा करायचा आहे. चांगलं आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघाताचा आराखडा केला, त्याचा देशाला उपयोग झाला. पण अहमदाबाद हे एक शहर, एक महापालिका. धाराशिव तसा नाही. आराखडा जिल्ह्याच्या हद्दीवर संपला, तर आपण १८७६ च्या नाक्यावरच उभे आहोत.

म्हणून तीन गोष्टी मांडतो. तिन्ही नारूच्या कामातूनच घेतलेल्या आहेत.

पहिली, आजाराच्या यादीवरून पाण्याचं काम ठरावं. कुठल्या गावात टंचाईच्या महिन्यांत डेंग्यू वाढतो, कुठे पुरानंतर जुलाब होतात, हे प्राथमिक आरोग्य केंद्राला माहीत असतं. ती यादी पाणीपुरवठ्याच्या आणि टँकरच्या बैठकीत जायला हवी. रुग्ण बघून हापसा द्यायची पद्धत आपण एकदा पाळलेली आहे.

दुसरी, सीना आणि मांजरा या दोन नद्यांच्या काठच्या जिल्ह्यांनी साथरोगाची माहिती एकमेकांना थेट द्यावी. धरणातून पाणी सोडताना खालच्या गावांना इशारा जातो. तोच इशारा खालच्या आरोग्य केंद्रालाही जावा, म्हणजे क्लोरीन आणि क्षारसंजीवनी पाण्याच्या आधी पोहोचेल.

तिसरी गोष्ट ऊसतोड मजुरांची. दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंब, परंडा इथून जोडपी निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम. गरोदर बाईची तपासणी इथे सुरू होते आणि तिथे तुटते. बाळाचा एक डोस इथे, पुढचा कुठे, ठाऊक नाही. हवामान जितकं लहरी होईल तितकी ही माणसं जास्त हलतील. त्यांची नोंद त्यांच्याबरोबर हलली पाहिजे, आणि सांगली-कोल्हापूरच्या, बेळगावच्या आरोग्य केंद्राने ती आपली मानली पाहिजे.

याला नवा शोध लागत नाही. खर्च लागतो, पण त्याहून जास्त लागते ती सवय, दुसऱ्याच्या हद्दीतल्या आजाराला आपला म्हणण्याची. नारूच्या वेळी ती सवय आपल्याला होती. ते काम करणारे कर्मचारी, हापसे दुरुस्त करणारे मेकॅनिक, भारतवैद्य म्हणून फिरलेल्या बायका, यांच्यातल्या बऱ्याच जणी-जण अजून आपल्यात आहेत. तुमच्या गावात असतील तर त्यांच्याकडे जा, बसा, विचारा आणि लिहून ठेवा. बारव कुठली होती, ती कधी बुजवली, पहिला हापसा कुणाच्या वस्तीत बसला. पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा तो कागद सोबत न्या.

इथे थांबतो.